कव्हरला टिचबटणं लावताय? आधी ती उघडणार कोण ते बघा

मागच्या जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी मी आमच्या गॅलरीतल्या झोपाळ्याला कव्हर शिवलं. बडोद्यात झोपाळा नसलेलं घर शोधायलाच लागेल, आणि आमचा तर सासूबाईंच्या लग्नानंतर लगेच आलेला, सागवानी फळी, पितळी कड्या, त्यामुळे त्यावर कबुतरांची घाण आणि पावसाचे शिंतोडे बघवत नव्हते. मी घरून कव्हरं शिवून देते, मशीनची, कूलरची, गाडीची, म्हणून माप-कापड सगळं नीट घेतलं, बारा टिचबटणं मारली आणि अगदी घट्ट बसलं म्हणून खूश झाले.

चार दिवसांनी सासूबाई संध्याकाळी झोपाळ्यावर बसायला गेल्या. त्यांच्या बोटांना संधिवात आहे, चिमटीत जोर येत नाही. बटणाखाली नख घालून उचलायला गेल्या तर नख उलटं फिरलं, मग त्यांनी कापडच धरून ओढलं, तर बटण जिथल्या तिथे आणि त्याच्याभोवतीचं कापड टर्रकन फाटलं. "मला काही हे जमायचं नाही, तूच येऊन काढत जा," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. त्यांच्याच झोपाळ्यावर बसायला त्यांना माझी वाट बघायला लागणार, हे मला फार लागलं. मग पुढचे दोन महिने मी हाच विषय धरून बसले, जुन्या कव्हरांवर करून बघितलं, आणि त्यातून जे कळलं ते इथे सगळं लिहिते.

मुद्दा असा की बटण घट्ट आहे का ढिलं हा प्रश्नच चुकीचा आहे. बटण कुठल्या दिशेने धरतं आणि कुठल्या दिशेने सुटतं ते कळलं की तेच बटण वाऱ्याला सुटत नाही आणि म्हाताऱ्या बोटांना सुटतं.

बटणाच्या आत काय चालतं

टिचबटणाचे चार भाग असतात. वर दिसते ती टोपी, तिच्या मागे नळी असते, ती नळी कापडातून जाऊन खाली वाटीला धरते, ही वाटी म्हणजे दुकानदार ज्याला मादी म्हणतात ती, स्प्रिंग हिच्यातच असते. समोरच्या बाजूला नर, म्हणजे बोंड, आणि त्याला मागून धरणारा पाया. बोंडाचं डोकं मानेपेक्षा जाड असतं आणि वाटीच्या तोंडापेक्षा किंचित मोठं, दाबलं की स्प्रिंग फाकते, डोकं आत जातं, स्प्रिंग मानेवर मिटते, तोच तो टिच आवाज.

आता नीट बघा. कापड आडवं ओढलं, म्हणजे फळीला समांतर, तर बोंडाची मान वाटीच्या काठाला जाऊन टेकते, स्प्रिंगला फाकायचं कारणच मिळत नाही, म्हणून त्या दिशेला बटण फार जोर सहन करतं. सरळ वर ओढलं तर स्प्रिंगच्या दोन्ही बाजू एकदम फाकवायला लागतात, त्याला जोर लागतो पण सुटतं. आणि एका कडेने उचललं तर आधी एक बाजू सुटते मग दुसरी, त्याला सगळ्यात कमी जोर लागतो. डब्याचं घट्ट झाकण आपण मधोमध धरून वर ओढतो का? चमच्याचा दांडा एका कडेला घालून उचलतो. अगदी तसंच.

म्हणजे कव्हर असं बेतायचं की वारा, ताण, कापडाचं वजन हे सगळं बटणावर आडवं यावं, आणि माणसाचा हात मात्र एका कडेने उचलणारा यावा. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीसाठी आहे.

टिचबटणाचं पेटंट १८८५ साली जर्मनीत हेरिबर्ट बाउअरने घेतलं आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रेनोबलला रेमंड नावाच्या कारखानदाराने ते हातमोज्यांसाठी काढलं. हातमोजा एका हाताने लावायचा आणि एकाच हाताने काढायचा असतो, कारण दुसरा हात मोज्यातच असतो. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण म्हणजे ही वस्तू पहिल्यापासून सहज सुटायलाच बनली आहे, आपण ती लावताना अवघड करून ठेवतो.

बाजारात जाताना चुंबक न्या

मंगळबाजारात, लेहरीपुऱ्याच्या बाजूला बटण-लेसची दुकानं आहेत तिथे पाकिटात, सुटी, सगळी टिचबटणं मिळतात. कव्हरसाठी चोवीस नंबर मागा. हा नंबर म्हणजे लाइन, चाळीस लाइन म्हणजे एक इंच, त्यामुळे चोवीस नंबरची टोपी साधारण १५ मि.मी. ची होते. वीस नंबर साडेबारा मि.मी., ते कपड्याला ठीक, कव्हरला लहान पडतं.

दिसायला सगळी चकचकीत असतात, म्हणून फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाकून न्या. टोपीला चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा, एका पावसात गंजणार आणि गंज चढला की बटण आवळून बसतं, मग कितीही चांगलं बेतलेलं असू दे, उघडत नाही. पितळेला चुंबक लागत नाही. चांगलं स्टीलही बहुतेक लागत नाही किंवा अगदी हलकं लागतं. माझी पहिली बारा बटणं लोखंडाची निघाली, ऑगस्टपर्यंत कापडावर तपकिरी गोल उमटले होते.

मग वाटी उलटी करून स्प्रिंग बघा. दोन बारीक तारा समोरासमोर दिसल्या तर ती तारेची स्प्रिंग, हलकी सुटते. गोल कडी दिसली तर ती रिंगची, जास्त घट्ट धरते. दोन्ही घ्या, का ते पुढे सांगते. दुकानातच चार-पाच बटणं लावून-काढून बघा, एकाच पाकिटातलीही सारखी नसतात, लाजायचं नाही.

प्लास्टिकची पण येतात, पकडीने दाबायची, टी-फाइव्ह म्हणून साधारण साडेबारा मि.मी. ची. गंजत नाहीत आणि हलकी सुटतात, मिक्सरच्या नाहीतर शिलाई मशीनच्या कव्हरला मी हल्ली तीच लावते. पण आमच्याकडे एप्रिल-मेचं ऊन गॅलरीत थेट येतं, उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून बाहेरच्या कव्हरला धातूचीच. अजून एक जात असते, पुल-द-डॉट म्हणतात, तीन बाजूंनी बंद आणि टोपीवर ठिपका असलेल्या एकाच बाजूने उचलली की सुटते. बोटींच्या कव्हरला वापरतात. आपल्या बाजारात सहज दिसत नाही, मागवायला लागते, पण वाऱ्याची जागा असेल तर उत्तम वस्तू आहे.

कुठलं बटण कुठे, हे कागदावर काढा

माझी पहिली चूक म्हणजे चारही बाजूंना सारखी बटणं. खरं तर कव्हर रोज उघडतं एका बाजूने आणि वारा येतो दुसऱ्याच बाजूने. आमची गॅलरी पश्चिमेला आहे, पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे कठड्याकडून, झोपाळ्याच्या पाठीमागून. म्हणून आता मागच्या लांब बाजूला सात बटणं, सगळी रिंगच्या स्प्रिंगची, साधारण वीस-वीस सेंटीमीटरवर, ती रोज उघडायचीच नाहीत. दोन्ही आखूड बाजूंना तीन-तीन, तारेच्या स्प्रिंगची. आणि पुढची बाजू, जिथे बसल्यावर पोटऱ्या घासतात, तिथे बटण अजिबात नाही, नुसतं इलॅस्टिक. फळीवर बोंड वर आलेलं असतं, तिथे पाय घासून सोलपटतो, हे आधी लक्षात येत नाही.

आता सासूबाई बाजूची सहा बटणं सोडतात, पुढचं इलॅस्टिक उचलतात आणि कव्हर पांघरुणासारखं मागे टाकतात, मागे ते लटकत राहतं. पूर्ण कव्हर काढायचं ते महिन्यातून दोनदा धुवायला, ते माझं काम.

तुमच्याकडे स्कूटर असेल, कूलर असेल, बाजाची पेटी असेल, तरी हाच विचार करा: रोज हात कुठून येणार, वारा कुठून येणार. दोन्ही एकाच बाजूने येत असतील तर त्या बाजूला बटणांवरून जास्तीचं कापड वीत-दीड वीत खाली लोंबू द्या, म्हणजे वाऱ्याला थेट बटणाखालची कड सापडत नाही, कारण वारासुद्धा तुमच्या बोटासारखाच कड शोधून उचलतो. अंतराचं म्हणाल तर सरळ बाजूला १५ ते २० सेंटीमीटर पुरे, कोपऱ्यात आणि गोलाईला १० ते १२. जास्त बटणं म्हणजे जास्त मजबुती असं नाही, प्रत्येक जास्तीचं बटण म्हणजे कुणाच्या तरी बोटांना एक जास्तीचा झटका.

माप जरा सैल

घट्ट ताणलेल्या कव्हरमध्ये बोंड कायम वाटीच्या काठाला आवळून बसलेलं असतं, त्यामुळे उचलायला बरंच जड जातं. सुती कॅनव्हास असेल तर कापायच्या आधी भिजवून वाळवाच, तो आटतो, आणि शिवून झाल्यावर आटला तर एका पावसात सगळी बटणं ताणात. पॉलिस्टरला आटायची भीती नाही, पण मी तरी प्रत्येक बाजूला अर्धा सेंटीमीटर सूट ठेवते. रेग्झिन थंडीत कडक होतं, डिसेंबर-जानेवारीत बटणं जड झाली तर ते त्यामुळे असतं.

ओढणी, म्हणजे धरायचा लूप

सगळं कव्हर नीट उघडेल का नाही हे इथे ठरतं, म्हणून हे सावकाश वाचा.

प्रत्येक उघडायच्या बटणाच्या बरोबर रेषेत, कडेला एक पट्टीचा लूप शिवायचा. बॅगेच्या बेल्टची पट्टी घ्या, २५ मि.मी. रुंद, दुमडून चारेक सेंटीमीटर बाहेर दिसेल एवढी. लूप बंद हवा, नुसती लोंबती पट्टी नको, कारण संधिवाताच्या हाताला चिमूट जमत नाही पण बोट अडकवून ओढणं जमतं. सासूबाईंना मी तीन प्रकार करून दिले, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की आत बोट जाणाराच हवा.

बटणाचा मध्य कडेपासून १२ ते १५ मि.मी. आत ठेवा. दहाच्या आत गेलात तर कापड फाटतं, फार आत गेलात तर ओढल्यावर मधलं कापडच वाकतं आणि जोर बटणाच्या कडेपर्यंत पोचत नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. कापड मऊ असतं, त्यामुळे लूप ओढला तरी तरफ होत नाही, कापड नुसतं वळतं. म्हणून दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकची एक कडक पट्टी घालायची, जुन्या फाइलच्या कव्हरची नाहीतर आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची, अडीच सेंटीमीटर रुंद, कोपरे गोल कापलेली. ही पट्टी लूपच्या शिलाईपासून सुरू होऊन बटणाखालून जाऊन टोपीची आतली कड ओलांडली की लगेच संपली पाहिजे. तिथेच संपवायचं कारण असं: लूप ओढला की पट्टी टोपीच्या आतल्या कडेवर टेकून उचलली जाते. टेकू बटणाच्या मध्यापासून सात-आठ मि.मी. वर, आणि हाताचा जोर पट्टीच्या बाहेरच्या टोकावर, म्हणजे टेकूपासून बटणापेक्षा बराच लांब, म्हणून जोर कमी लागतो. पट्टी आतल्या बाजूला लांबवलीत तर टेकू दूर जातो आणि फायदा कमी होतो. मी पहिल्यांदा अख्खी लांब पट्टी घातली होती, दिसायला छान, उघडायला जवळजवळ पहिल्याइतकीच जड. कात्रीने पट्टी आखूड केली आणि तेच बटण एका बोटाने सुटलं. हिशेबातला फायदा प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही, थोडं कापड, थोडी पट्टी वाकतेच, पण हाताला फरक लगेच कळतो.

लूप शिवताना चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारा, पॉलिस्टर दोऱ्याने. सुती दोरा पावसाने कुजतो.

बटण बसवणं

बटणाखाली कापडाचे निदान तीन थर हवेत, मुडपेचे दोन आणि एक जादा तुकडा. एकाच थरावर मारलेलं बटण म्हणजे आमचं पहिलं कव्हर.

भोक पंचने मोठं पाडू नका. विणीचं कापड असेल तर टोच्याने धागे बाजूला सारून नळी दाबून घाला, म्हणजे धागे तुटत नाहीत आणि तेच नळीला धरून ठेवतात. पॉलिस्टर-नायलॉनला टोच्या गरम करून भोक पाडलं तर कडा वितळून बंद होतात, उसवत नाही. मधल्या प्लास्टिकच्या पट्टीला मात्र आधीच भोक पाडून घ्या.

नळी कापडातून वर आल्यावर साधारण ३ मि.मी. दिसली पाहिजे. कमी असेल तर वाटीला धरत नाही आणि महिन्याभरात निघून हातात येते. जास्त असेल तर ठोकल्यावर आतल्या आत वाकडी होते आणि बटण गोल फिरत राहतं. थर कमी-जास्त करा किंवा नळीची लांबी बदलून घ्या, दोन-तीन लांबीत मिळतात.

ठोकायला खाली लोखंडी ठोकळा, त्यावर डाय, म्हणजे बटण बसवायचा साचा. किचनच्या ओट्यावर करू नका, ग्रॅनाइटला तडा जातो. दोन-तीन मध्यम ठोके, एक जोरदार नाही. जोरात मारलं की वाटीचं तोंड चेपतं, स्प्रिंगला फाकायला जागा उरत नाही आणि ते बटण जन्मभर जड राहतं, मग आपण कंपनीला नावं ठेवतो. ठोकून झालं की टोपी चिमटीत धरून फिरवा, फिरता कामा नये, आणि आत बघा, नळीचं तोंड सगळीकडून सारखं वळलेलं दिसलं पाहिजे, एका बाजूला फाटलेलं नको.

बोंडांचं आधीपासून माप घेऊन फळीवर भोकं पाडू नका, कधीही जुळत नाहीत. आधी कव्हरच्या सगळ्या वाट्या बसवा, कव्हर झोपाळ्यावर गादीसकट घाला, एका बाजूच्या मधल्या बटणापासून सुरू करा. वाटीच्या काठाला ओला खडू लावा आणि फळीवर दाबा, गोल खूण उमटते, तिच्या मध्यावर बोंड. ते लावा, बटण बंद करा, मग पुढची खूण. एकेक करत दोन्हीकडे जा. वेळ लागतो पण एकही बटण ताणात बसत नाही.

लाकडाला स्क्रूवाली बोंडं येतात. सागवानात आधी अडीच-तीन मि.मी. चं भोक, मग स्क्रूला मेणबत्ती घासून फिरवा. पितळी स्क्रू असेल तर आधी तेवढाच लोखंडी स्क्रू घालून काढा, मग पितळी घाला, नाहीतर सागवानात त्याची मान तुटते आणि तुकडा आत राहतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर पितळी बोंड थेट लावू नका, पाणी लागलं की दोन धातूंमध्ये अॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये प्लास्टिकची चकती घाला.

वजनकाट्याने तपासा

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात असतोच. हुक लूपमध्ये अडकवून बाहेर आणि किंचित वर अशा दिशेने सावकाश ओढा, सुटलं त्या क्षणीचा आकडा बघा, प्रत्येक बटण पाच वेळा. आमच्या पहिल्या कव्हरवर सुतळी बांधून ओढलं होतं तर साडेतीन किलोच्या पुढे जात होतं, नव्यावर एक ते सव्वा किलो येतं. वापरणाऱ्याचे हात दुखत असतील तर मी दीड किलोच्या वर जाऊ देत नाही. एखादंच जड असेल तर ते पन्नास-शंभर वेळा उघडझाप करा, बहुतेक मोकळं होतं, नाही झालं तर बदला. आणि उलटी परीक्षा पण घ्या, कापड खाली सरळ ओढून बघा, चार-पाच किलोलासुद्धा हलता कामा नये.

नंतरची निगा

महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने वाट्या आणि बोंडं साफ करा, मग बोंडाच्या मानेवर पांढरी मेणबत्ती घासा, एवढं पुरे. तेल, व्हॅसलिन लावू नका, मे महिन्यातली धूळ त्याला चिकटून लगदा होतो. कबुतरांची शिट बटणावर पडली तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा, ती मुलामा खाते. बटण अडकलंच तर ओढू नका, लूप किंचित उचलून धरा आणि टोपीच्या कडेखाली चमच्याचा दांडा घाला.

बटण खराब झालं तर कापड कापायची गरज नाही. वाटीच्या आतली वळलेली नळी बारीक कानसेने घासा किंवा ड्रिलने हळू उडवा, दोन्ही भाग सुटे होतात, त्याच भोकात नवीन बसतं, फक्त भोक मोठं झालं असेल तर मागून एक तुकडा शिवून घ्या.

एक गोष्ट सासूबाईंनी सुचवली ती मी आता सगळ्या कव्हरांना करते. करड्या कापडावर करडा लूप त्यांना संध्याकाळी दिसत नव्हता, चाचपडायला लागायचं. म्हणून बाजूच्या सहा बटणांना लाल लूप लावले, आणि मागच्या सात बटणांना लूपच नाही, म्हणजे ती त्यांनी उघडायची नाहीत हे सांगायलाच लागत नाही. दिवे लागायच्या वेळेला आता आतून सहा वेळा टिच, टिच ऐकू येतं आणि मग कड्यांची करकर सुरू होते.